एस्प्लनेड मॅन्शन : ‘दुरुस्तीपलीकडे’ या शब्दामागचा इतिहास

मुंबईतल्या काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनवर, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलवर लिहायचे म्हटले की ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा १८९६ चा खेळ आणि नामांकित पाहुणे यांतच जागा संपते. ही इमारत अखेर रिकामी का करावी लागली, हे समजून घ्यायचे तर लोखंड आणि भाडेकायदा या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

मुंबईच्या कोटाचे तट गेल्यावर बाहेरच्या मोकळ्या मैदानाचे, म्हणजे एस्प्लनेडचे, भूखंड लिलावात निघाले. त्यातला हा एका इंग्रज कापडव्यापाऱ्याने १८६४ साली घेतला. खांब डर्बीच्या ओतशाळेत ओतले गेले, सांगाड्याचे सुटे भाग जहाजाने आले आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडले गेले. काही ठिकाणी १८६० ते १८६३ अशी वर्षे छापलेली दिसतात. भूखंडच १८६४ चा असल्याने ती टिकत नाहीत. पाच मजले, सुमारे १३० खोल्या, मध्ये काचेच्या छताचा चौक. सगळा भार लोखंडी सांगाड्यावर. विटांच्या भिंती त्यात नुसत्या भरलेल्या. अशा बांधणीच्या, आजवर टिकलेल्या जगातल्या अगदी जुन्या इमारतींत तिची गणना होते.

१९०३ मध्ये ताज उघडले आणि हॉटेलला उतरती कळा लागली. पुढे मालकी बदलली, हॉटेल बंद झाले आणि खोल्यांना आडव्या-उभ्या भिंती घालून लहान लहान गाळे भाड्याने दिले गेले. सत्र न्यायालय जवळच, त्यामुळे वकिलांची कार्यालये भरली.

खरा गुंता इथून सुरू होतो. १९४७ च्या भाडेकायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. एवढ्या भाड्यात रंगसफेदीही होईना. गाळा हातोहात पागडीवर जाई, पण त्या पैशातला इमारतीवर क्वचितच काही खर्च होई. कागदोपत्री मालक एक, ताबा शंभरावर भाडेकरूंचा. अशा इमारतींसाठी १९६९ चा कायदा झाला, उपकर बसला आणि दुरुस्तीची जबाबदारी सरकारी मंडळाकडे गेली. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात येतात.

या व्यवस्थेत दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा आहे. अंदाज त्यापलीकडे गेला आणि वरचा खर्च भाडेकरूंनी किंवा मालकाने उचलला नाही, की इमारत ‘दुरुस्तीपलीकडे’ ठरू शकते. हा हिशेबाचा निर्णय आहे. वाचणारा मात्र त्याचा अर्थ ‘आता पडणार’ असा घेतो. शिवाय दुरुस्तीत नुसता खर्च असतो, तर पाडून बांधण्यात वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा मिळते. तेव्हा या शब्दाचे वजन कुणासाठी किती, हे उघड आहे. चाळीला लावायचे माप ओतीव लोखंडाच्या वारसा इमारतीला लावले गेले, हीच या प्रकरणातली मोठी चूक.

ओतीव लोखंड दाब उत्तम पेलते, ताण आणि धक्का मात्र सोसत नाही. ते वाकून इशारा देत नाही, एकदम तडकते. त्यात कार्बन जास्त असल्याने साधे वेल्डिंग केले तर गार होताना शेजारीच नवी चीर पडते. तडा धातूच्या टाक्यांनी सांधावा लागतो किंवा बाहेरून पट्टा आवळावा लागतो. नुकसान बहुधा सांध्यापासून सुरू होते. प्रत्येक गाळ्याला वेगळी मोरी आणि नळ दिला की पाणी तुळईच्या टोकाशी मुरते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे बोल्टभोवतीची वीट फुगून सुटते. खाऱ्या हवेत हे आणखी झपाट्याने होते. अशा वेळी लाकडी जमीन काढून १०० मिमीचा काँक्रीट स्लॅब टाकण्याची मुंबईतली सवय घातकच, कारण स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरते. पोटमाळे आणि कागदपत्रांच्या फडताळांचे ओझे त्यावर वेगळे.

२००५ मध्ये सज्जे कोसळून एकाचा जीव गेला. त्याच वर्षी ही इमारत जागतिक पातळीवरच्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत आली. २०१८ मध्ये पुन्हा काही भाग पडला आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने भाडेकरू बाहेर पडले. मंडळाने मागवलेल्या तांत्रिक अहवालाने पाडण्याची शिफारस केली. वारसा-जतनवाल्यांच्या अभियंत्यांनी दुरुस्ती शक्य असल्याचे सांगितले. मला दुसरे मत अधिक पटते, पण घाईच्या कामाला इथे जागा नाही. आधी प्रत्येक तुळईखाली टेकू, मग वरच्या मजल्यापासून खाली येत नंतरच्या भिंती, पोटमाळे आणि स्लॅब उतरवायचे. त्यानंतर गिलावा खरवडून एकेक सांधा उघडा करायचा. कुठला खांब ठेवायचा आणि कुठला बदलायचा, याचा अंदाज तोवर कागदावर मांडताच येत नाही.