गंजाने जखडलेला पंप

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, फोर्ट वेन या शहरात, सिल्व्हेनस बाउझर यांनी १८८५ साली रॉकेल मोजून देणारा पंप विकला. पुढे मोटारी आल्या आणि या यंत्राच्या वंशजांना पेट्रोल मोजण्याचे काम मिळाले. १९३० च्या दशकात तिथल्या रस्त्यांवर असे पंप उभे राहिले, जे गॅलनबरोबर रकमेचा आकडाही फिरत्या चाकांवर दाखवत. त्या पिढीतील एखादा पंप कित्येक दशके उघड्यावर पडून गंजला असेल आणि त्याचा जीर्णोद्धार करायचा असेल, तर रंग आणि पंपाच्या माथ्यावरचा काचेचा गोळा या फार पुढच्या गोष्टी आहेत. खरी परीक्षा असते ती तो न मोडता खोलण्याची, आणि ती ताकदीपेक्षा रसायनशास्त्राच्या समजुतीवर अधिक अवलंबून असते.

बोल्ट का जखडतो, हे आधी पाहू. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की लोखंडाचे जलयुक्त ऑक्साइड, म्हणजेच गंज तयार होतो आणि तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली फट केसापेक्षाही बारीक असते. तिथे पाणी शिरते, गंज धरतो, फुगतो आणि पसरायला वाव नसल्यामुळे दोन्ही भागांना आतून दाबून धरतो. त्याच वेळी बाहेरून बोल्टची जाडी कमी होत असते. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे व्यास फक्त १० टक्के घटला तरी बोल्टची ताकद सुमारे २७ टक्क्यांनी घटते. पान्ह्याला लांब नळी लावून जोर देणाऱ्याच्या हातात बोल्टचे डोके तुटून येते ते याच कारणाने: आट्यांची पकड वाढलेली असते आणि दांडा मात्र कमजोर झालेला असतो.

यावर पहिला उपाय म्हणजे गंज भेदणारे तेल. ते पातळ असते, त्याचा पृष्ठताण कमी असतो आणि केशाकर्षणामुळे ते फटीत ओढले जाते. मात्र या प्रवासाला वेळ लागतो. तेल सोडून तासाभरात पान्हा लावण्यापेक्षा दिवसातून एकदा तेल आणि हातोडीचे हलके ठोके असा क्रम काही दिवस चालवलेला बरा, कारण गंज ठिसूळ असतो, ठोक्यांनी त्याला बारीक भेगा पडतात आणि तेलाला नव्या वाटा मिळतात. पान्हा लावल्यावरही बोल्ट आधी किंचित आवळून पाहावा आणि मगच सैल करावा. थोडासा हलला की पुढे-मागे करत, प्रत्येक वेळी तेल देत बाहेर काढावा.

दुसरा उपाय उष्णतेचा आहे, पण हे यंत्र पेट्रोलचे आहे हे विसरून चालणार नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली तरी ठिणगीने पेट घेते, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खोलगट भागात साचून राहते. मापनकक्ष, हवा वेगळी करणारे भांडे आणि रबरी नळी यांत जुने इंधन शिल्लक असू शकते. म्हणून हे सर्व भाग मोकळ्या हवेत काढून, रिकामे करून दूर नेल्याशिवाय ब्लोटॉर्च पेटवू नये, असे माझे ठाम मत आहे.

उष्णतेचे गणित रंजक आहे. १० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नटाचे तापमान १८० अंशांनी वाढवले, तर त्याचे भोक सुमारे ०.०२ मिलिमीटरने रुंदावते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण गंजाची पकड मोडायला तो अनेकदा पुरतो. अट एवढीच, की नट झटपट तापवावा, म्हणजे आतला बोल्ट तापण्यापूर्वीच तो प्रसरण पावतो. तापलेल्या सांध्याला मेणबत्तीचे मेण लावले, तर ते वितळून आट्यांमध्ये ओढले जाते आणि वंगणाचे काम करते.

ॲल्युमिनियमच्या ओतीव चौकटीत पोलादी स्क्रू बसवलेला असेल, तर प्रकरण वेगळे असते. दोन भिन्न धातूंमध्ये ओलावा आला की तिथे एक छोटा विद्युत घट तयार होतो, ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी स्क्रूला घट्ट धरून बसते. तापवल्यास ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, ही जमेची बाजू. मात्र ते वितळण्यापूर्वी लाल होत नाही, त्यामुळे धोक्याची सूचना डोळ्यांना मिळत नाही.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे आकडे फिरवणारी गणकयंत्रणा. पेट्रोल मापनकक्षातून जाताना एक दांडा फिरतो, आणि दंतचक्रांची रचना त्या फेऱ्यांना दराने गुणून रकमेची चाके फिरवते. विजेशिवाय केलेला हा गुणाकार पाहताना त्या काळच्या अभियंत्यांविषयी आदर वाटतो. यातील काही भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असू शकतात. जुन्या जस्तात शिशासारखी अशुद्धी राहून गेली असेल, तर दमट हवेत स्फटिकांच्या सीमांवरून क्षरण होते, भाग फुगतो, तडकतो आणि हाताळतानाच त्याचा चुरा होतो. न्यू जर्सी झिंक या कंपनीने १९२९ मध्ये अतिशुद्ध जस्तावर आधारलेले मिश्रधातू विकसित केले ते हाच दोष टाळण्यासाठी. असा तडकलेला भाग ओढून काढू नये. त्याचे छायाचित्र आणि मापे आधी घ्यावीत, कारण नवा भाग घडवायची वेळ आली तर तेवढाच आधार उरतो.

जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून तो कोरडा घासू नये. पृष्ठभाग ओला ठेवून खरवडावा आणि नाका-तोंडावर धूळ रोखणारा योग्य मास्क वापरावा.

सुटे झालेले लोखंडी भाग स्वच्छ करण्यासाठी विद्युत अपघटन ही मला सर्वांत सौम्य पद्धत वाटते. पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडतात. गंजलेल्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंजाचा काही अंश काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, बाकीचा सुटा होतो आणि चांगले लोखंड जवळपास अबाधित राहते. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे द्रावणात उतरू शकतात. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग या भांड्यात कधीही घालू नयेत, कारण अल्कधर्मी द्रावण त्यांनाच खाऊन टाकते. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने हे काम उघड्यावर करावे. बाहेर काढलेले लोखंड इतके उघडे असते की दमट हवेत काही तासांतच त्यावर नवा गंज धरतो, म्हणून ते धुऊन, गरम हवेने वाळवून त्याच दिवशी प्रायमर लावावा किंवा तेलाचा हात फिरवावा.