संशोधकाच्या प्रकाशनांचे व सायटेशनचे मापन

संशोधकाचे किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि इतर अभ्यासकांनी आपल्या लेखनात त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, यावरून त्याच्या कामाचा प्रभाव आकड्यांत मांडण्याची पद्धत. अशा प्रत्येक संदर्भाला सायटेशन म्हणतात. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केल्यापासून ही मोजणी व्यवस्थितपणे होऊ लागली. २००४ मध्ये स्कोपस व गुगल स्कॉलर हे सायटेशनची नोंद ठेवणारे ऑनलाइन कोश आल्यावर ती सर्वांच्या हाताशी आली.

सर्वाधिक प्रचलित मापक म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-इंडेक्स. संशोधकाच्या जितक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशन मिळाली असतील, ती सर्वांत मोठी संख्या म्हणजे त्याचा एच-इंडेक्स. समजा, परभणीच्या एखाद्या मृदाशास्त्रज्ञाच्या सात निबंधांना अनुक्रमे ४०, २२, ९, ५, ४, ३ व १ सायटेशन आहेत. चौथ्या निबंधाला किमान चार सायटेशन आहेत, पाचव्याला मात्र पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. पहिल्या निबंधाची ४० सायटेशन उद्या ४०० झाली, तरी हा आकडा ४ वरच राहतो. ही उणीव भरून काढण्यासाठी लिओ एग्गे यांनी २००६ मध्ये जी-इंडेक्स मांडला.

खरी अडचण विषय बदलला की सुरू होते. जैवरसायनशास्त्रात निबंधाच्या शेवटी संदर्भांची लांबलचक यादी असते, लेखकही अनेक असतात आणि नवे काम लवकर उद्धृत होते. गणितात संदर्भ मोजके असतात आणि निबंधाची दखल घेतली जायला अनेक वर्षे लागू शकतात. म्हणून एकाच विद्यापीठातील गणिताच्या व जैवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचे एच-इंडेक्स शेजारी ठेवून कोण मोठा हे ठरवणे चुकीचे आहे. त्यावर उपाय म्हणून निबंधाची सायटेशन त्याच विषयातील, त्याच वर्षीच्या आणि त्याच प्रकारच्या लेखनाच्या सरासरीने भागतात. सरासरी ३ असलेल्या विषयातील ६ सायटेशनचे गुणोत्तर २ येते, तर सरासरी ३० असलेल्या विषयातील ३० सायटेशनचे केवळ १. जॉन आयोनिडिस व सहकाऱ्यांनी तयार केलेली आणि मराठवाड्यातील वृत्तपत्रांत ‘दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी’ म्हणून परिचित असलेली क्रमवारीही संशोधकाला त्याच्या उपविषयातील इतरांशी ताडून पाहते. मात्र तिचा आधार स्कोपस असल्याने स्कोपसमध्ये नसलेले लेखन तिला दिसत नाही.

नेमणुका व पदोन्नतीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत शोधनिबंधाला विज्ञान, अभियांत्रिकी व कृषी शाखांत ८, तर भाषा व सामाजिक शास्त्रांत १० गुण आहेत. हा फरक योग्य दिशेचा आहे. परंतु त्याच नियमांतील इम्पॅक्ट फॅक्टरचे (नियतकालिकातील निबंधांना मिळणाऱ्या सरासरी सायटेशनच्या आकड्याचे) वाढीव गुण विषयाची सरासरी लक्षात घेत नाहीत.

मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न या नोंदींबाहेर राहणाऱ्या कामाचा आहे. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांवर किंवा तेरच्या प्राचीन अवशेषांवर मराठीत लिहिलेला ग्रंथ कितीही मौलिक असला तरी त्याची सायटेशन या कोशांत क्वचितच उमटतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी मोती’ हे रब्बी ज्वारीचे वाण किंवा बदनापूरची ‘बीडीएन ७११’ ही तूर शेतकऱ्याच्या पेरणीत दिसते, संदर्भयादीत नव्हे. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्याने स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्यावे आणि विषयांतील भिन्नता लक्षात घ्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. पदोन्नतीच्या समित्यांनी ते मनावर घेणे निकडीचे आहे.

मोजणीचा पायाही तपासून घ्यावा लागतो. शिंदे, जाधव, पवार या आडनावांपुढे सारखीच आद्याक्षरे आली की दोन संशोधकांचे निबंध एकाच खात्यात जमा होतात; विवाहानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन नावांत विभागले जाते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचे १९९४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नामांतर झाले, पुढे शहराचे नावही बदलले. त्यामुळे एकाच संस्थेचे पत्ते वेगवेगळ्या रूपांत नोंदले गेले आहेत. संशोधकांच्या नावांचा गोंधळ टाळण्यासाठी २०१२ पासून ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक उपलब्ध आहे. तो घेतल्यावरही जुने निबंध त्याला जोडण्याचे काम संशोधकालाच करावे लागते.