घरातील दोन लिनक्स संगणकांमधील फाईल शेअरिंग

एकाच राउटरला जोडलेल्या दोन लिनक्स संगणकांनी एकमेकांचे फोल्डर वापरणे किंवा एकमेकांकडे फाईल पाठवणे, याला घरगुती फाईल शेअरिंग म्हणतात. त्याला इंटरनेट लागत नाही. रिचार्ज संपलेला असला तरी राउटर चालू असेपर्यंत काम होते. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण एका खोलीतला फोटो शेजारच्या खोलीत नेण्यासाठी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर चढवायचा, मग उतरवून घ्यायचा आणि त्यात त्याची स्पष्टता घालवायची, हे अजून घरोघर चालते.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या कितीतरी कुटुंबांच्या पेटीत उर्दूतले जुने महसुली कागद, खासरा पत्रके आणि फेरफार सापडतात. ते स्कॅन करून घरच्या संगणकावर ठेवले, की दिवाळीला पुण्याहून आलेल्या भावाच्या लॅपटॉपवरही एक संच असावा असे वाटतेच. असे कागद घराबाहेरच्या सर्व्हरवर न चढवता घरातल्या घरात देता येतात, हा या पद्धतीचा मोठा गुण.

दोन्ही संगणकांना राउटर स्वतःच आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यात संगणक ओळखण्याचा आकडा, देतो. तो बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होतो. हे आकडे खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत. एक संगणक राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवर असेल तर दोघांची गाठ सहसा पडत नाही. दोष मात्र लिनक्सला दिला जातो.

सर्वांत सोपा मार्ग एसएसएचचा, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीचा. तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये फिनलंडमध्ये ही पद्धत तयार केली. ज्या संगणकातून फाईल घ्यायच्या त्यावर ओपनएसएसएच सर्व्हर हा एसएसएचचा प्रोग्राम बसवायचा. दुसऱ्यावर फाईल मॅनेजरमध्ये एसएफटीपीचा (एसएसएचवरून फाईल नेण्या-आणण्याच्या सोयीचा) पत्ता टाकून त्या संगणकावरचे युजरनेम आणि पासवर्ड द्यायचा, की तिथले फोल्डर समोर उघडते. वाटेतली माहिती सांकेतिक रूपात जाते. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

फोल्डर कायमचे जोडून ठेवायचे असेल तर एनएफएस, म्हणजे जाळ्यावरून फोल्डर वाटून देण्याची पद्धत. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये ते आणले. ‘एक्स्पोर्ट्स’ नावाच्या फाईलमध्ये एक ओळ लिहिली की फोल्डर दुसऱ्या संगणकावर माउंट करता येते, म्हणजे तिथलेच असल्यासारखे जोडता येते. ते वेगवान आहे, पण त्याच्या नेहमीच्या मांडणीत माणूस नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखला जातो. उबुंटू किंवा डेबियनवर पहिल्या युजरला १००० हा क्रमांक मिळतो, दुसऱ्याला १००१. घरच्या संगणकावर थोरला १००० आणि धाकटा १००१ आहे असे समजा. धाकट्याने आपल्या लॅपटॉपवर लिनक्स स्वतः बसवले, तर तिथे तो १००० होतो. आता त्याला थोरल्याच्या फाईल पुसता येतात आणि स्वतःच्याच फाईलवर ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळते. त्यामुळे दोन्हीकडचे क्रमांक आधी जुळवून घ्यावेत.

घरात विंडोजचाही संगणक असेल तर सांबा, म्हणजे लिनक्सवरून विंडोजच्या पद्धतीने फोल्डर वाटून देणारा प्रोग्राम, सोयीचे पडते. दोन्हीकडे लिनक्सच असेल तर त्या वाटेला जायची गरज नाही.

पण आपल्याकडे निवड करताना लाइटचा विचार पहिला करावा लागतो. राउटर इन्व्हर्टरवर असतो, डेस्कटॉप बहुधा नसतो. लाइट गेली की एनएफएसने जोडलेले फोल्डर उघडणारा प्रोग्राम मूळ संगणक परत येईपर्यंत अडकून बसतो आणि लॅपटॉपच बिघडला असे वाटते. म्हणून लोडशेडिंगच्या गावात फोल्डर जोडून ठेवण्यापेक्षा आरसिंक या फाईलच्या प्रती काढणाऱ्या प्रोग्रामने प्रत घेणे मला जास्त भरवशाचे वाटते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. ‘आर्काइव्ह’ पर्यायासह चालवले तर पूर्ण पोचलेल्या फाईल ते दुसऱ्यांदा पाठवत नाही. लाइट आल्यावर तीच आज्ञा पुन्हा द्यायची, उरलेले काम पुढे सुरू होते. त्यातला ‘डिलीट’ हा पर्याय मात्र जपून वापरावा. मूळ फोल्डरमध्ये नसलेली फाईल तो प्रतीतूनही काढून टाकतो. नेहमीच्या वापरात तो लागतही नाही.

वेगाचा हिशेब केबलवर आहे. लग्नाच्या ४० जीबी व्हिडिओला १०० मेगाबिटच्या जोडणीवर सुमारे ५५ मिनिटे लागतात. गिगाबिट केबलवर, डिस्क साथ देत असेल तर, सहा मिनिटांच्या आसपास. मोठे काम असेल तेव्हा वायफाय सोडून केबल लावावी.

फाईलची नावे मराठीत ठेवायला हरकत नाही. लिनक्सवरून लिनक्सवर ती जशीच्या तशी जातात. मर्यादा एकच: नाव २५५ बाइटांपर्यंतच चालते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. गाव, गट क्रमांक, खातेदाराचे पूर्ण नाव आणि वर्ष सगळे एकाच नावात कोंबले तर फाईल सेव्हच होत नाही. गावाचे एक फोल्डर आणि त्यात गट क्रमांकाचे दुसरे केले, की नाव आटोक्यात राहते.