बडोद्याचा आयोग आणि हेगचे न्यायालय

९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी बडोद्याचे रेसिडेंट (दरबारातले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी) कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेऊन उरलेले फेकून दिले. पेल्याच्या तळाशी राहिलेल्या गाळात सोमल आणि हिऱ्याची पूड सापडल्याचे जाहीर झाले. विष घातल्याचा आळ बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर आला. त्यांना आधी अटक झाली आणि मग १८७५ च्या फेब्रुवारीत सहा जणांचा आयोग बसला. बंगालचे सरन्यायाधीश काउच यांच्यासह तीन इंग्रज, आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह व सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी सदस्य त्यात होते. पुरावा मुख्यतः रेसिडेन्सीच्या नोकरांच्या जबान्यांचा होता आणि विलायतेहून आलेले वकील बॅलंटाइन यांनी तो उलटतपासणीत खिळखिळा केला. इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी ठरवले, तर हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. तरीही एप्रिलमध्ये गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. त्यांचा कारभार चांगला होता असे नव्हे. पण खटला चालला एका आरोपावर आणि शिक्षा झाली दुसऱ्याच कारणासाठी.

दांडिया बाजारातल्या मराठी घरांत हा प्रसंग बहुधा सयाजीरावांच्या दत्तविधानाची प्रस्तावना म्हणूनच सांगितला जातो. संस्थान सार्वभौम नसल्याने तो आंतरराष्ट्रीय खटला म्हणता येणार नाही. परंतु राज्यकर्त्यावर खटला भरताना न्यायासनावर कोण बसणार आणि आरोपी कोणाच्या ताब्यात असणार, हे प्रश्न पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यातही सुटले नाहीत.

न्यूरेंबर्गचे न्यायाधीश चार विजेत्या राष्ट्रांचे होते. कातिनच्या जंगलातील पोलिश अधिकाऱ्यांचे हत्याकांड सोव्हिएत पक्षाने जर्मनांच्या नावावर मांडले. ते सोव्हिएत यंत्रणेनेच केले होते, आणि निकालपत्रात त्याचा उल्लेखही आला नाही. जपानी नेत्यांवरच्या टोकियोतील खटल्यात ११ न्यायाधीशांपैकी भारताचे राधाबिनोद पाल यांनी सर्व २५ आरोपींना निर्दोष ठरवले. जपानी अत्याचार त्यांनी नाकारले नव्हते. आक्रमक युद्ध हा गुन्हा मागाहून ठरवून त्याची शिक्षा आधीच्या कृत्यांना देता येत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. आजही त्यांचे निकालपत्र जपानच्या समर्थनार्थ वापरले जाते, हा त्यावर अन्यायच आहे. असे असले तरी सरकारी हुकूम ही पळवाट ठरू शकत नाही, हे तत्त्व याच खटल्यांतून रुजले.

युगोस्लाव्हिया (१९९३) आणि रवांडा (१९९४) यांसाठीची न्यायालये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने नेमली होती. हेगच्या कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा रोम करार १७ जुलै १९९८ रोजी १२० विरुद्ध ७ मतांनी संमत झाला. भारतासह २१ देश तटस्थ राहिले. सुरक्षा परिषदेला प्रकरणे सोपवण्याचा व थांबवण्याचा अधिकार देण्यास भारताचा विरोध होता, शिवाय अण्वस्त्रांचा वापर आणि दहशतवाद गुन्ह्यांच्या यादीत यावा असा आग्रह होता. अमेरिका, रशिया आणि चीन या परिषदेतल्या तीन स्थायी सदस्यांनी स्वतः न्यायालयाचे सदस्यत्व घेतलेले नाही, परंतु दुसऱ्या देशाचे प्रकरण तिथे पाठवण्याच्या ठरावावर त्यांना नकाराधिकार आहे. २०१४ मध्ये सीरियाबाबतचा ठराव रशिया-चीनने असाच अडवला.

हेगच्या या न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये अटक वॉरंट असतानाही रशियाचे अध्यक्ष पुतिन सदस्य देश मंगोलियात जाऊन सुखरूप परतले. त्यानंतर काही महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते यांना मात्र मनिलात अटक करून हेगला पाठवण्यात आले. तो देश २०१९ मध्येच न्यायालयातून बाहेर पडला होता, पण दुतेर्ते आणि सत्ताधारी मार्कोस यांचे तोवर पुरते बिनसलेले होते.