अफवा आणि अपप्रचार: फरक मजकुरात नाही

अफवा म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. 1995 साली गणपती दूध पितो म्हणून देवळांपुढे रांगा लागल्या, तेव्हा घरोघरी मोबाइलही नव्हते. सांगणाऱ्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. एवढं पुरे.

घोळ होतो तो अपप्रचाराबाबत. ‘सोशल मीडियावरच्या अफवा’ म्हणून दोन्ही एकाच पोत्यात भरलेलं मला आता वाचवत नाही. अपप्रचार म्हणजे मोठी अफवा नव्हे. मजकूर किती खोटा, यावर ते ठरतच नाही. पाठवणाऱ्याला काय ठाऊक होतं, यावर ठरतं.

2018 मध्ये देशभर फिरलेला मूल पळवण्याचा व्हिडिओ आठवा. गल्लीत पोरं खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि निघून जातात. मूळ व्हिडिओ कराचीतला, पालकांना सावध करण्यासाठी केलेला. त्यात ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि फलक दाखवतात. हा शेवट कुणीतरी कापला. नवं काही घातलं नाही, फक्त काढलं. कापणाऱ्याला आपण काय कापतोय ते दिसत होतं. हा अपप्रचार. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी तोच व्हिडिओ ‘नातवंडांना सांभाळा’ म्हणून ग्रुपवर टाकला, ती अफवा. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं.

काकूंना मी पूर्ण व्हिडिओ दाखवला. त्यांनी लगेच डिलीट केला, ग्रुपवर माफीही मागितली. पण कापणाऱ्याला काय दाखवणार? त्याला सगळं ठाऊकच आहे. म्हणून ‘फॅक्ट चेक करा’ हा सरसकट सल्ला मला पटत नाही. अपप्रचारात आधी विचारायचं ते हे: कुणी केलं आणि पैसा कुणाचा?

लोकशाहीला धोका आहे तो इथे. 21 मे 2016, अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष. ह्यूस्टनमधल्या एका इस्लामी केंद्रापाशी दोन गट रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांवर ओरडत होते. एकांना ‘हार्ट ऑफ टेक्सस’ या फेसबुक पेजने बोलावलं होतं, दुसऱ्यांना ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ने. दोन्ही पेजेस रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या इंटरनेट रिसर्च एजन्सीने, म्हणजे खोट्या नावांनी सोशल मीडिया खाती चालवणाऱ्या कंपनीने, चालवलेली. खर्च सुमारे 200 डॉलर. एका बाजूची हाक ‘टेक्ससचं इस्लामीकरण थांबवा’, दुसरीची ‘इस्लामी ज्ञान वाचवा’. यात तपासून खोटं ठरवायला काय आहे? घोषणा आहेत त्या. जमलेली माणसं खरी होती, त्यांचा रागही खरा होता. खोटं होतं ते बोलावणाऱ्याचं नाव.