टाकलेल्या मुलांची सेवा (डॉटर्स ऑफ चॅरिटी)

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांच्या संगोपनासाठी डॉटर्स ऑफ चॅरिटी या कॅथलिक भगिनीसंघाने उभारलेले कार्य. संघाची स्थापना व्हिन्सेंट डी पॉल (१५८१–१६६०, जुन्या चरित्रांत जन्मवर्ष १५७६) आणि लुईझ द मारियाक (१५९१–१६६०) यांनी २९ नोव्हेंबर १६३३ रोजी केली.

आरंभकाल : या सेवेचा आरंभ काही ठिकाणी १६३८, तर काही ठिकाणी १६४० असा दिला जातो. दोन्ही वर्षांना आधार आहे. त्याआधी अशी मुले ‘ला कूश’ या घरात ठेवली जात. तिथे एक विधवा व तिच्या मोलकरणी त्यांना सांभाळत; रडणे थांबावे म्हणून अफूमिश्रित औषध पाजले जाई आणि काही मुले विकलीही जात, असे व्हिन्सेंट यांनी म्हटले आहे. श्रीमंत स्त्रियांच्या धर्मादाय मंडळाने १६३८ मध्ये तिथून १२ मुले चिठ्ठ्या टाकून उचलली व भगिनींच्या स्वाधीन केली. सगळी मुले घेण्याचा निर्णय १६४० चा. त्यामुळे आरंभ १६३८ चा मानणे अधिक युक्त वाटते. बर्फातून मुलांना उराशी धरून नेणारे व्हिन्सेंट ही प्रतिमा उत्तरकालीन असावी. समकालीन पत्रांत दिसतात त्या बैठका, पैशांची ओढाताण आणि लुईझची मुलांविषयीची काळजी. वर्षाचे जितके दिवस, तितकी मुले शहरात टाकली जातात, असे व्हिन्सेंट सांगत. हा आकडा ढोबळच समजावा.

संगोपन : मुख्य अडचण दुधाची होती. अंगावर पाजणाऱ्या दाया कमी पडत. काही दाया घरातच ठेवल्या जात, तर बरीच मुले खेड्यांतील दायांकडे पाठवली जात. दूर ठेवलेल्या मुलाकडे लक्ष ठेवणे अवघड असे, कारण दाईने पैसे घेऊन एकाच वेळी दोन-तीन मुले घेतली, की प्रत्येकाच्या वाट्याला दूध अपुरे येई. म्हणूनच भगिनींनी खेड्यांत जाऊन मुले पाहण्याला महत्त्व आले. दाई न मिळाल्यास शेळीचे किंवा गाईचे दूध देत. उन्हाळ्यात ते नासे, भांड्याच्या चोचीत व फडक्यात दुधाचा थर राही आणि जुलाबाने मूल दोन-तीन दिवसांत दगावे. पिठाची पेज तान्ह्याला पचत नसे. उपदंश झालेल्या मुलाकडून दाईला, आणि दाईकडून पुढच्या मुलाला रोग लागे. बाळाला घट्ट गुंडाळण्याची त्या काळी रीत होती. ओले फडके वेळेवर न बदलल्यास कातडी सोलवटे. जगलेल्या मुलांना पुढे वाचन व कामधंदा शिकवला जाई.

भगिनी पहाटे ४ वाजता उठत. त्या मठवासी नव्हत्या. बंदिस्त मठाच्या भिंतीआड राहून बाळ आणायला, दाई गाठायला बाहेर पडता आले नसते. प्रार्थना चालू असताना गरजूची हाक आली तर उठावे, कारण तेही ‘देवासाठी देवाला सोडणे’ आहे, अशी व्हिन्सेंट यांची शिकवण होती. पांढरी रुंद पंखांची टोपी चित्रांत सर्रास दिसते, पण ती सुरुवातीची नव्हे. नंतर रूढ झालेली ही टोपी १९६४ मध्ये सोडण्यात आली.

निवास : १६४५ च्या सुमारास सेंट लाझार या व्हिन्सेंट यांच्या पॅरिसमधील धर्मगृहाजवळ मुलांसाठी १३ छोटी घरे बांधली गेली. १६४७ मध्ये मुलांना पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील ओसाड वाड्यात हलवले. तिथली हवा मुलांना मानवणार नाही, असे लुईझने आधीच बजावले होते. तिचे म्हणणे खरे ठरले; अनेक मुले दगावली आणि काही वर्षांतच जागा सोडावी लागली.

नंतरचा काळ : १६७० च्या राजाज्ञेने ही व्यवस्था पॅरिसच्या ‘ओपिताल जेनेराल’ या गरिबांसाठीच्या सरकारी संस्थेशी जोडली गेली, भगिनी तिथेही काम करीत राहिल्या. १७७२ मध्ये ७,६७६ मुले दाखल झाली. एवढ्यांना पुरतील इतक्या दाया मिळणे शक्यच नव्हते.