पाच अक्षरांचं गाठोडं

पुण्यातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींच्या जुन्या कबरींवरचं मराठी पटकन वाचता येतं. नाव, कोकणातल्या गावावरून पडलेलं आडनाव, मृत्यूची तारीख. अडतं ते हिब्रूपाशी. वरती बहुधा दोन अक्षरं असतात, पे आणि नून: ‘इथे पुरलं आहे’. तळाशी पाच: ताव, नून, त्सादे, बेथ, हे. पाहणारा ती नक्षी समजून पुढे जातो, पण शिळेवरची खरी प्रार्थना तीच.

ती पाच शब्दांची आद्याक्षरं आहेत. अर्थ असा, की याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो. मूळ बायबलातल्या १ शमुवेल २५:२९ मध्ये सापडतं. शौल राजा दाविदाच्या जिवावर उठलेला असताना अबीगईल नावाची स्त्री दाविदाला धीर देते: तुमचा जीव देवापाशी गाठोड्यात बांधलेला राहील, वैऱ्यांचे जीव मात्र तो गोफणीतल्या धोंड्यासारखे भिरकावून देईल. गाठोडं आणि गोफण! आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जिवंत माणसाला दिलेला हा दिलासा पुढे मृतांसाठीची प्रार्थना झाला, आणि मला तो फार हळवा वाटतो. त्यात स्वर्गाचं वर्णन नाही, फक्त कुणीतरी जपून ठेवल्याचा भरवसा आहे.

ही अक्षरं या समाजाकडे सलग चालत आलेली नव्हती. परंपरा सांगते, की पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं आणि बुडालेल्यांना तिथेच मातीच्या उंचवट्यांखाली पुरलं. त्यावर अक्षर नव्हतं. पुढे कोकणात तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. देव एकच आहे असं सांगणारी ‘शमा’ प्रार्थना तोंडी टिकली, हिब्रू वाचन बहुतेक विसरलं गेलं. ते परत आलं एकोणिसाव्या शतकात, कोचीहून आलेल्या ज्यू शिक्षकांकडून आणि मिशनरी शाळांतून. मिशनरी जॉन विल्सन यांचं मराठीतलं हिब्रू व्याकरण १८३२ चं. पलटणीच्या नोकरीमुळे अनेक कुटुंबं पुण्याच्या कॅम्पात आली. १८७४ मध्ये तर हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, पुण्यातच छापली गेली. शिळेवर दोन लिप्या शेजारी बसल्या त्या या शिक्षणामुळे.

वर्षही अक्षरांतच असतं. ताव ४००, रेश २००, काफ २०, हे ५. बेरीज ६२५, पाच हजार गृहीत धरायचे: हिब्रू ५६२५. नोव्हेंबर १८६४ मध्ये मुंबईचे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून पुण्यात वारले ते याच वर्षी. त्यांची कबर पुण्यातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, आवारात आहे.